रफाराचा ‘र’





टिळक आळीच्या या गावात, रत्नागिरीत, लोकमान्य टिळकांच्या शाळकरी वयाची एक गोष्ट घरोघरी सांगतात. शुद्धलेखनात ‘संत’ हा शब्द तीनदा आला, बाळने तो तीन तऱ्हांनी लिहिला, मास्तरांनी एकच बरोबर धरला आणि पोरगा हटून बसला. त्याला तिन्ही रूपे ठाऊक होती. पण वर्गात असाही एखादा असतो, ज्याच्या हातून एकच शब्द तीन तऱ्हांनी उतरतो आणि असे का होते, हे त्याचे त्यालाच कळत नाही. त्याची गोष्ट कुणी सांगितली नाही. त्याच्या वाट्याला छडी आली आणि ‘ढ’ ही पदवी.

खरे तर आपली लिपीही अशा मुलाला कमी चकवत नाही. ‘किती’ म्हणताना आधी क ऐकू येतो, लिहिताना पहिली वेलांटी त्याच्या आधी काढायची. ‘सूर्य’मधला र उच्चारात यच्या आधी, कागदावर मात्र यच्या डोक्यावर. ध आणि घ, भ आणि म यांत फरक तो केवढा! मोठ्यांना याची सवय झालेली असते, म्हणून ते चिडतात.

१८९६मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी पर्सी नावाच्या अशाच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा चलाख, गणितात बरा. पण स्वतःचे नाव ‘प्रेसी’ असे लिही. म्हणजे र तिकडेही घसरतोच! शिकवणे सगळे तोंडी असते तर हाच शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे त्याच्या मास्तरांचे मत होते.

बरोबर शंभर वर्षांनी, १९९६मध्ये, महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना परीक्षेत सवलती मान्य केल्या. पुढे जादा वेळ, लेखनिक, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचे अंकगणित अशा सोयी रुळल्या. तपासणीसाठी नाव घेतले जाई ते मुंबईत शीवच्या रुग्णालयाचे. तेही लोकमान्यांच्याच नावाचे.  कोकण रेल्वे सुरू होण्याआधी इथून तिथे जायचे म्हणजे एसटीत रात्र काढायची.

रत्नागिरीत मतिमंद मुलांसाठी ‘आविष्कार’चे सविता कामत विद्यामंदिर उभे राहिले, कर्णबधिर मुलांसाठी अभ्यंकर विद्यालय. अक्षरांत अडखळणारे हे मूल मात्र साध्याच वर्गात, सगळ्यांसारखेच दिसणारे. त्यामुळे ते आळशीच ठरले. २००७च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने घराघरांत चर्चा घडवली. २०१५मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने वाचन-लेखनाची ही अडचण ओळखणारी चाचणी मराठीतूनही आणली. १९९५च्या अपंगत्व कायद्यात ही अडचण नव्हतीच. २०१६च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत ती आली.

तरी एक खंत बोलून दाखवायला हवी. सवलतींसाठीच्या दाखल्याची धावपळ बहुधा दहावीच्या तोंडावर सुरू होते. वाचनाची गाठ सोडवायची ती दुसरी-तिसरीत, आणि तिथे बाई एकटी नि वर्ग भरलेला.

म्हणूनच आजच्या कार्यक्रमाच्या पहिल्या सत्रात भाषण ठेवलेले नाही. प्रत्येक खुर्चीवर कागद-पेन्सिल आहे. उपस्थित शिक्षकांना दहा ओळींचे शुद्धलेखन घातले जाईल. उजव्यांनी डाव्या हाताने लिहायचे, डावऱ्यांनी उजव्या. वेळ वाढवून मिळणार नाही. कागद मुले तपासतील, आणि मग चहा.