रस्त्यावर सांडलेली जबाबदारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



गळीत हंगाम सुरू झाला, की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांचे रूपच पालटते. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलांच्या टायरगाड्या, काठोकाठ भरून वर आणखी दोन हात रचलेले ट्रक कारखान्याची वाट धरतात. एखाद्या वळणावर मोळी घसरते आणि ऊस डांबरावर पसरतो. मोटारगाडी तो चिरडून पुढे जाते. मोटारसायकलच्या चाकाखाली मात्र तोच ऊस लाटण्यासारखा फिरतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते : 'दुचाकी घसरून तरुण ठार.' ती कशावरून घसरली, हे बातमीत बहुधा नसते. पोलिसांच्या दप्तरी तर अनेकदा मयतावरच निष्काळजीपणे वाहन चालविल्याचा गुन्हा नोंदला जातो. ज्या गाडीतून ऊस सांडला, ती तोवर वजन करून, पावती घेऊन, पुढल्या खेपेसाठी फडाकडे परतलेली असते.

२०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. रस्त्यात पडलेल्या वस्तूचा पहिला बळी अर्थातच तो, ज्याच्याभोवती पत्रा नाही आणि ज्याचे वाहन दोनच चाकांवर तोललेले आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात १६ ते १७ मीटर अंतर तोडते. समोर काही आहे हे जाणवून ब्रेक लागेपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो. रात्री समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याने डोळे दिपलेले असताना पंचवीस मीटरवरचा दगड किंवा वाळूचा थर दिसला, तरी तो दिसून न दिसल्यासारखाच. अशा वेळी 'वाहने सावकाश चालवा' ही पाटी म्हणजे घायाळाला केलेला उपदेश होय.

दगडाचाही एक इतिहास असतो. घाटात ट्रक बंद पडतो. चालक चाकांना दगड लावतो, मागे आणखी चार धोंडे मांडतो, झाडाची फांदी तोडून टाकतो. हेतू चांगलाच असतो. मागून येणाऱ्याला इशारा मिळावा. पहाटे गाडी दुरुस्त होते, निघून जाते. धोंडे तेथेच राहतात. ते उचलण्याचे काम कोणाचे, याचा विचार कोणीच केलेला नसतो.

लोखंडी सळयांची गोष्ट याहून भयंकर आहे. सळईची प्रचलित लांबी १२ मीटर, म्हणजे जवळजवळ ४० फूट. नेहमीच्या ट्रकचा हौदा त्याच्या अर्ध्याहून फारसा मोठा नसतो. सळया दुमडण्यास मजुरी पडते. म्हणून त्या तशाच मागे लोंबत ठेवावयाच्या आणि टोकाला लाल फडके बांधावयाचे, ही रूढ पद्धत. अंधारात लाल फडके काळेच दिसते आणि मागून पाहणाऱ्याला सळईचे टोक रुपयाच्या नाण्याहूनही लहान दिसते. पूर्वी नियमच वाहनाच्या मागे काही प्रमाणात माल बाहेर काढू देत होता. २०१४ साली केंद्र सरकारने ती सवलत काढून टाकली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ (१अ) हे कलम आले आणि असा माल बाहेर काढल्यास २० हजार रुपये दंड ठरला. माल नीट लावल्याखेरीज गाडी हलू द्यावयाची नाही, असेही त्यात म्हटले आहे. फडके मात्र अजून फडफडतेच आहे.

चालक बेफिकीर असतात, असे सांगून पुष्कळ जण मोकळे होतात. काही असतात, यात शंका नाही. ट्रॅक्टरवर कर्णकर्कश गाणी लावून मागच्याचा भोंगा ऐकूही न येणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात भेटतील. पण माल भरतो कोण? बीडकडून उचल घेऊन आलेले नवरा-बायकोचे जोडपे, ज्याला हिशेबात एक 'कोयता' म्हणतात, दिवसभर तोडणी करते आणि गाडी येईल तेव्हा, मग ती मध्यरात्री का येईना, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. त्यांची मजुरी टनावर. वाहतूकदाराचे पैसेही टनावर. दोर नीट आवळण्यात गेलेल्या अर्ध्या तासाचा मोबदला या साखळीत कोणाच्याच पदरात पडत नाही. वर रचलेल्या जादा टनाचा मात्र पडतो. उसावर बसून प्रवास करणारे मजूरही त्याच सैल दोरावर जीव टांगून असतात, हे विसरून चालणार नाही.

आणि तरीही जादा भाराची माहिती कोणालाच नव्हती, असे सोंग केले जाते! उसाच्या प्रत्येक गाडीचे वजन कारखान्याच्या काट्यावर होते. त्याच आकड्यावर शेतकऱ्याचे, तोडणीचे, वाहतुकीचे पैसे ठरतात. खडी-वाळूच्या वाहतूक परवान्यावर किती ब्रास ते लिहिलेले असते. पुरावा रोज, कागदावर, सही-शिक्क्यासह तयार होतो आहे. कायदाही केवळ चालविणाऱ्यापुरता थांबत नाही. वाहन तसे चालवावयास लावणारा आणि चालवू देणारा, दोघेही त्याच्या शब्दांत येतात. जादा वजनाच्या बाबतीत तर चालक हा मालक नसेल, तेव्हा ते मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने भरले गेले, असे न्यायालयास गृहीत धरता येते. कायद्याचा हात इतका लांब असूनही तो नाक्यावर उभ्या केलेल्या चालकाच्या खिशापलीकडे क्वचितच पोहोचतो. पावती फाडली जाते, भार तसाच पुढे जातो.

राज्यातील बरेच कारखाने सहकारी आहेत. त्यांचे सभासद असलेले शेतकरी, त्यांची मुले, याच रस्त्यांवरून रात्री मोटारसायकलने घरी येतात. वार्षिक सभेत उताऱ्यावर, भावावर, कर्जावर तावातावाने बोलले जाते आणि ते योग्यच आहे. त्याच सभेत एखाद्या सभासदाने उठून एवढेच विचारावे, की गेल्या हंगामात मर्यादेपेक्षा अधिक भरून किती गाड्या काट्यावर आल्या, आणि त्यांचे पुढे काय केले? आकडा कारखान्याच्याच वहीत आहे.