एका वाक्याविषयी खुलासा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत मुख्य धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या पन्नास वर्षांचा वृत्तांत आतापर्यंत ज्या वडीलधाऱ्यांच्या मुखातून आपण ऐकला, त्यांनी तो मजपेक्षा फार जवळून पाहिलेला आहे. पहिली मिस्सा ज्या बाभळीखाली झाली ती बाभूळ मी पाहिली नाही, आणि ख्रिस्तमंदिराच्या पायाचे दगड ज्यांनी डोक्यावरून वाहिले त्यांपैकी दोघेच आज आपणांत बसले आहेत. तेव्हा त्या विषयावर मी आणखी बोलणे म्हणजे घरधन्याने सांगितलेली गोष्ट पाहुण्याने घरधन्यालाच पुन्हा ऐकविण्यासारखे होईल. मी बोलणार आहे ते केवळ एका वाक्याविषयी.

या स्मरणिकेची मुद्रिते माझ्याकडे तपासण्यास आली, तेव्हा शेवटच्या पानांवर असे एक वाक्य होते की, 2021 च्या पुरात आपल्या फादरांनी जिवावर उदार होऊन एका कुटुंबाचे प्राण वाचविले. ते वाक्य मी माझ्या हाताने खोडले. संपादक मंडळी नाराज झाली. हा विनयाचा अतिरेक आहे असेही कोणी म्हणाले. तो विनय नव्हे. ते वाक्य खोटे आहे, आणि जो मनुष्य तीस वर्षे इतरांचे पापनिवेदन ऐकत आला त्याने आपल्या नावावर खोटे छापू द्यावे हे बरे नव्हे. काय घडले ते सांगतो.

ते कुटुंब आपल्या धर्मग्रामातील नाही. घरधनी माझा शाळासोबती. माध्यमिक शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. तो वारकरी घराण्यातला, गळ्यात तुळशीची माळ. मी सेमिनरीत जावयास निघालो तेव्हा माझी पेटी डोक्यावर घेऊन एस.टी.च्या थांब्यापर्यंत तोच आला होता. त्याच्या मातोश्रींना मी तेव्हापासून मावशी म्हणतो, आणि त्या मला, अंगावर पांढरा झगा आल्यावरही, लेकराच म्हणत आल्या.

मावशींचे सासरचे मूळ गाव गोदावरीच्या काठी होते. ते आज पाण्याखाली आहे. पैठणजवळच्या जायकवाडी धरणाची कोनशिला 1965 साली बसली, 1976 साली धरणाचे उद्घाटन झाले, आणि शेवगाव व नेवासे या तालुक्यांतील कित्येक गावे नाथसागराच्या पोटात गेली. त्यांतलेच ते एक. मावशी म्हणत की ते पाणी सभ्य होते. रोज वीतभर चढे. देव काढून नेण्यास, दारे-तुळया उतरविण्यास, चूल मोडून तिची माती पदरात बांधून घेण्यास त्याने अवधी दिला. पाण्याचा स्वभाव ओळखावयास त्या तेथे शिकल्या. पुढे या कुटुंबाने जमीन केली ती शेवगावच्या बाजूस, नंदिनी नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या कडेला. गावाचे नाव मुद्दामच घेत नाही.

आपला मुलूख दुष्काळाचा. 1876 ते 1878 च्या दुष्काळाच्या गोष्टी आपल्या आज्या-पणज्यांनी घरोघर सांगितल्या. पुराच्या गोष्टी कोणी फारशा सांगितल्या नाहीत. गर्भगिरीचे डोंगर काळ्या कातळाचे, वर माती बोटभर, झाडे विरळ. अशा उतारावर रिमझिम पडलेले पाणीही फार वेळ थांबत नाही. मग एका रात्रीत कोसळलेले कोठून थांबणार? ओढे आठ-नऊ महिने कोरडे असतात, आणि कोरड्या ओढ्याची माणसाला भीड राहत नाही. कोणी काठ नांगरून चार हात रान वाढवितो, कोणी पात्रात वेड्या बाभळी माजू देतो, आणि रस्ता करणारे खाली तीन नळ घालून वर फरशी टाकतात. त्या तीन नळांत मावेल तेवढेच पाणी परमेश्वराने पाठवावे अशी जणू आपली मागणी! स्वित्झर्लंडहून येऊन याच जिल्ह्यात दीर्घकाळ झटलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी डोंगरमाथ्यापासून पाणी अडविण्याचे काम गावकऱ्यांच्या हातून करविले. ते दुष्काळावरचे औषध, एवढेच मी समजत असे. पुरावरचेही तेच औषध होय, हे मला फार उशिरा उमगले.

असो. दिनांक 30 ऑगस्ट 2021, सोमवार, गोकुळाष्टमी. सायंकाळी मित्राचा फोन आला. त्याच्या पत्नीची शस्त्रक्रिया नगरला झाली होती व तो तिच्यापाशी होता. घरी मावशी, आणि माहेरी बाळंतपणाला आलेली त्याची लेक. बाळ बारा दिवसांचे. घरात पुरुष माणूस नाही, मावशींच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपलेल्या. "गड्या, आजची रात्र माझ्या घरी झोप," एवढेच तो म्हणाला. मी गोळ्या घेतल्या आणि आपल्या धर्मग्रामाची जीप घेऊन निघालो.

मावशींचा उपवास होता. अंगणात झिमझिम चालू होती. मध्यरात्रीनंतर पावसाने जो जोर धरला, तो पत्र्यावर पोत्यांनी खडी ओतावी तसा. पहाटे तीनच्या सुमारास मावशींनी मला हलवून जागे केले. अंगणात घोट्याएवढे पाणी होते. मला ते पावसाचेच वाटले. मावशींनी विजेरीच्या उजेडात त्यावर तरंगत आलेल्या गोवऱ्या आणि तुराट्या दाखविल्या. "लेकरा, हे आपलं जळण नाही. वरच्या गावाचं जळण आलंय. म्हंजी तिथं पाणी घरात शिरलंय." मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही की गोठ्यातल्या जनावरांची दावी सोडावी. दुसरी ही की बांध ओलांडून वरच्या अंगाला शेजाऱ्याचे स्लॅबचे घर आहे, तेथे सर्वांनी जावे.

येथे मला थांबले पाहिजे, कारण खुलासा करावयाचा तो याच जागेचा आहे. त्या शेजाऱ्याशी माझ्या मित्राचा बांध कोरल्यावरून अकरा वर्षे दावा चालू होता. दोन्ही घरांत पाणीसुद्धा चालत नव्हते. तीन वर्षांपूर्वी मी समेट करावयास म्हणून त्या गृहस्थाकडे गेलो होतो, आणि त्याने चारचौघांसमोर मला सुनावले होते की, फादर, उपदेश तुमच्या देवळात करा, माझ्या बांधावर नको. ते शब्द माझ्या अंतःकरणात काट्यासारखे राहिले होते. मिस्सेच्या वेळी क्षमेची प्रार्थना मी रोज म्हणत होतो. काटा मात्र जागच्या जागी होता. मावशींनी त्याचे नाव काढताच मी म्हणालो, "त्याच्या दारी कशाला? जीप आहे, दहा मिनिटांत गावात पोहोचू." मला त्या वेळी हे शहाणपण वाटले. बाळंतिणीला चिखलातून चालविणे बरे नव्हे, असे कारणही मी दिले. खरे कारण मी आत्ता सांगितले ते होते. आणि दाव्यांविषयी म्हणालो, "आधी माणसे, जनावरांचे मागून पाहू." हे वाक्य ऐकावयास किती योग्य वाटते! मावशींनी पुन्हा एकदा सांगून पाहिले. मग लेकीने माझ्याकडे पाहिले, आणि फादरांचा शब्द म्हणून ती बाळाला घेऊन जीपमध्ये बसली. मावशी शेवटी बसल्या.

फरशी घरापासून दोनशे पावलांवर. दिव्यांच्या उजेडात पाणी गुडघ्याच्या खालीच दिसले. जाणकार सांगतात की दोन फूट वाहते पाणी बहुतेक मोटारगाड्यांना उचलून नेते, आणि माणसाचे पाय काढण्यास तर गुडघ्याएवढेही पुरते; हे मी नंतर वाचले. फरशीच्या मध्यावर जीप बंद पडली. मागची बाजू हळूच, कोणी हाताने सरकवावी तशी, उताराकडे सरकली आणि कडेच्या दगडाला अडून राहिली. पाणी दारातून आत आले. बाळ रडत नव्हते, याची मला अधिक भीती वाटली. मी प्रार्थना केली का, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. केली असेल, मला आठवत नाही. मला आठवते ते एवढेच, की मावशींनी माझ्या मनगटाला धरले होते आणि त्या एक शब्दही बोलत नव्हत्या.

शेजाऱ्याने आपल्या स्लॅबवरून जीपचे दिवे पाहिले होते. तो व त्याचे दोघे मुलगे विहिरीतली पाण्याची मोटार वर काढावयाचा जाड दोर घेऊन धावत आले. दोराचे एक टोक त्यांनी काठच्या लिंबाला बांधले, दुसरे कमरेला बांधून थोरला मुलगा जीपपर्यंत आला. प्रथम बाळ. धाकट्याने त्याला पाटीत घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घेतले. अष्टमीची रात्र, पाटीत तान्हे मूल आणि खाली खवळलेले पाणी: मावशींच्या मनात काय आले असेल ते या प्रांतात कोणास समजावून सांगावयास नको. मग लेक, मग पाठीवर मावशी. शेवटी मी उतरलो, आणि तिसऱ्या पावलालाच माझे पाय निघाले. त्या गृहस्थाने माझ्या सदऱ्याची मान धरली व मला काठावर ओढले. तो म्हणाला, "फादर, दोर सोडू नका." एवढेच. त्यानंतर थोड्याच वेळात जीप गेली. दोन दिवसांनी ती खाली वेड्या बाभळींत सापडली, हे आपण जाणताच. तिच्या दुरुस्तीचा पैसा आपणच दिला.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यावर मी इतक्या वर्षांत किती प्रवचने केली असतील याची गणती नाही. प्रत्येक वेळी मी स्वतःला त्या रस्त्याने चालणाऱ्यांतच पाहिले: कधी पुढे निघून गेलेला याजक म्हणून, कधी, मन प्रसन्न असल्यास, शोमरोनी म्हणूनही. जखमी होऊन पडलेला मनुष्य मी आहे, आणि मला उचलणारा मला न आवडणारा आहे, अशा रीतीने तो दाखला मी कधी वाचलाच नव्हता.

उजाडले तेव्हा आम्ही स्लॅबवर होतो. शेजारणीने बाळंतिणीला कोरडे लुगडे दिले होते. खाली मित्राच्या गोठ्याचे आढे तेवढे पाण्यावर दिसत होते. दोन बैल व एक गाय दाव्याला बांधलेल्या स्थितीत बुडाली. वासरू मावशींनी रात्री मोकळे ठेवले होते. ते उकिरड्याच्या ढिगावर उभे होते. त्याच रात्री आखेगाव, खरडगाव, वरूर, भगूर अशा कित्येक गावांत घरे पाण्यात गेली, जनावरे वाहून गेली. तिकडे चाळीसगावात पूर आला आणि कन्नडच्या घाटात दरडी कोसळल्या. एवढ्या मोठ्या संकटात तीन जनावरे ती काय, असे कोणी म्हणेल. ज्याचे सारे शेत त्या बैलांवर चालते त्याला विचारावे.

सभेत बसलेल्या शेतकरी बंधूंना एक सांगतो, आणि हे प्रवचन नव्हे. आपल्या पुष्कळ वस्त्या गावाच्या पांढरीबाहेर, खालच्या अंगाला, ओढ्याच्या कडेला आहेत. त्या तेथे का आहेत हे आपणांस ठाऊक आहे. आपल्या पूर्वजांना उंचावर जागा कोणी दिली नाही. म्हणून पाणी प्रथम आपल्याच दारी येते. 2025 च्या सप्टेंबरात ते शेवगाव-पाथर्डीकडे पुन्हा आले. दाव्याला निरगाठ मारू नका. पावसाळ्यात तरी सुरगाठ मारा, की लहान पोरानेही एका हिसक्यात सोडावी. घरात एक लांब दोर ठेवा. आणि वरच्या अंगाला ज्याचे घर असेल, त्याच्याशी निदान जून ते ऑक्टोबर बोलणे ठेवा.

पोळा बरोबर आठवड्याने, 6 सप्टेंबरास आला. मी मित्राच्या घरी गेलो. तो नगरहून परतल्यापासून मला एक शब्दही बोलला नव्हता. उलट माझ्या पायाला लागले होते त्याचीच विचारपूस करी. त्या दिवशी मला कळले की मावशींनी दाव्यांची गोष्ट त्याला सांगितलीच नव्हती. मग ती मी सांगितली. बांधाचे व माझ्या मनातील काट्याचेही सांगितले. तो पुष्कळ वेळ गप्प राहिला. नंतर मला गोठ्यात घेऊन गेला. खुंट्यांना दाव्यांचे तुकडे अजून होते. "या निरगाठी मीच मारल्या होत्या," तो म्हणाला. "भिजल्यावर मलासुद्धा सुटल्या नसत्या." हे खरे होते की माझ्यासाठी बोललेले होते, ते मला आजपर्यंत समजलेले नाही. बांधाचा दावा अद्याप चालू आहे. मात्र तारखेला दोघेही एकाच मोटारसायकलीवर जातात.

आम्ही घरात आलो तेव्हा मावशींनी अंगणात साचलेल्या गाळाचे दोन बैल केले होते. शिंगे ओलीच होती. त्यांच्यापुढे त्यांनी नैवेद्य ठेवला, आणि मला म्हणाल्या, "लेकरा, हात धुऊन घे. पोळी निवतेय."