काडीमोड, कोर्ट आणि दहा बाय बाराची खोली

(लालबाग येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अभ्यासवर्गात घटस्फोटाचा विषय निघाला की काही जुन्याजाणत्या कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. महागाई, बेकारी, गिरण्यांच्या जमिनी असे प्रश्न आ वासून उभे असताना नवराबायकोच्या भांडणात पक्षाने कशाला पडावे, असा त्यांचा सवाल असतो. वस्तुतः या भांडणाचा निकाल लागतो तेव्हा राहती खोली कोणाची, मुलांच्या शाळेची फी कोण भरणार आणि म्हातारपणी कोणाच्या दारात उभे राहायचे, हेच प्रश्न निकाली निघत असतात. ते राजकारणाबाहेरचे मानणे ही केवळ पुरुषी सोय आहे.

हा विषय या शहराला नवा नाही. 1884 साली दादाजी भिकाजी यांनी नांदण्यास न आलेल्या रखमाबाईंवर मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. परंतु अपिलानंतर 1887 मध्ये ‘नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा’ असा हुकूम झाला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. स्त्रीच्या सुटकेची किंमत रुपयांत ठरली, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावे. पुढे मुंबई प्रांताने 1946 मध्ये द्विभार्या-प्रतिबंधाचा आणि 1947 मध्ये हिंदू घटस्फोटाचा कायदा केला. डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले, त्यामागे हिंदू कोड बिलाची परवड हे एक मोठे कारण होते. 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा आला आणि 1976 च्या दुरुस्तीने परस्परसंमतीचा घटस्फोट शक्य झाला. मुस्लिम स्त्रियांचा लढाही याच शहरात उभा राहिला. 18 एप्रिल 1966 रोजी हमीद दलवाईंनी सात स्त्रियांचा मोर्चा सचिवालयावर नेला होता. तत्काळ तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविण्यास 2017 साल उजाडावे लागले.

कायदा झाला, चाळीत मात्र ‘काडीमोड’ कायम राहिली. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या अनेक जातींत पंचांसमक्ष सोडचिठ्ठी आणि नंतर पाट लावण्याची चाल होती. हिंदू विवाह कायद्याच्या 29 व्या कलमाने अशा रूढीला जागा ठेवली आहे, पण ती रूढी त्या जातीत पूर्वापार चालत आलेली आहे हे कोर्टात शाबीत करावे लागते. आज मात्र होते काय, की शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘आमचे एकमेकांशी काही देणेघेणे राहिले नाही’ असे लिहून नोटरीचा शिक्का मारला जातो आणि दोन्ही घरची मंडळी सुटलो म्हणून चहा पितात. रूढीचा पुरावा नसेल तर त्या कागदाने विवाह संपत नाही. त्याच्या भरवशावर कोणी दुसरे लग्न केले तर ते अवैध ठरते, द्विविवाहाचा गुन्हाही अंगावर येऊ शकतो. असा कागद घेऊन कोणी कचेरीत आले तर साक्षीदार म्हणून सही करण्याचा मोह कार्यकर्त्याने टाळावा.

खरा मार्ग वांद्र्याला जातो. कुटुंब न्यायालयाचा कायदा 1984 चा. मुंबईचे न्यायालय 1989 मध्ये सुरू झाले. त्यापूर्वी हे दावे फोर्टातील दिवाणी न्यायालयात चालत. लग्नाला एक वर्ष होण्यापूर्वी सहसा अर्ज करता येत नाही. अर्ज कोठे करावा याबद्दल गैरसमज फार आहेत. लग्न झाले ते गाव, दोघे शेवटी एकत्र राहिले ते ठिकाण किंवा दुसरा पक्ष राहतो ते ठिकाण, हे पर्याय पूर्वीपासूनच होते; 2003 च्या दुरुस्तीने पत्नीला ती स्वतः राहते तेथेही दाद मागता येऊ लागली. म्हणजे लालबागेतून हाकललेली आणि चिपळूणला माहेरी गेलेली बाई तारखेसाठी मुंबईला खेपा घालण्यास बांधलेली नाही.

अर्ज दाखल झाला की प्रकरण प्रथम विवाह समुपदेशकाकडे जाते. समुपदेशक तडजोडीचा प्रयत्न करतो, न्यायनिवाडा करीत नाही. त्याच्यासमोर मारहाण झाकून ठेवणे आणि नंतर कोर्टात सांगणे, यात बाईचेच नुकसान होते. दोघांची संमती असेल तर एक वर्षाचे विभक्त राहणे आणि अर्जानंतर सहा महिन्यांची मुदत असा क्रम आहे. ही सहा महिन्यांची अट न्यायालय योग्य प्रकरणी माफ करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले. हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते. संमती नसेल तर क्रूरता, परित्याग, व्यभिचार असे कारण पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते आणि मग वर्षांची मोजदाद सुरू होते.

ही वर्षे दोघांना सारखी महाग नसतात. ज्याच्या हाती पगार आणि खोलीची किल्ली आहे त्याला प्रत्येक नवी तारीख परवडते. जिला त्या दिवशी घरकामाचा खाडा करावा लागतो, मूल शेजारणीकडे ठेवावे लागते आणि करी रोडवरून दादर गाठून गाडी बदलावी लागते, तिला ती परवडत नाही. मग ती वाटेल त्या रकमेवर सही करते आणि त्याला समझोता म्हणतात. या विषमतेवर उपाय म्हणून अंतरिम पोटगी आहे. तिचा अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा असे कायदा म्हणतो. व्यवहारात तसे क्वचितच घडते. परंतु 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पक्षांनी मिळकतीचे व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दिले पाहिजे आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली पाहिजे, असे बजावले आहे. म्हणून पोटगीचा अर्ज पहिल्याच दिवशी करावा.

आता वकील. कुटुंब न्यायालयात वकील हा हक्काने मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते. ती बहुधा मिळते. कायदा करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण शिकलेला नवरा आणि चौथी पास बायको समोरासमोर उभी केल्याने समता येत नाही. स्त्रीला, मग तिचे उत्पन्न काहीही असो, 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो. त्याच कायद्यात औद्योगिक कामगाराचाही उल्लेख आहे, ही गोष्ट कामगार संघटनांतही फारशी बोलली जात नाही. मोफत वकील म्हणजे टाकाऊ वकील, हा समज सोडावा. महागडा वकीलही तारखेला नवशिक्या ज्युनिअरला पाठवतोच.

खाजगी वकील करायचा असेल तर कोर्टाच्या फाटकाशी घुटमळणाऱ्या दलालामार्फत करू नये. वकिलाची सनद पाहावी. संपूर्ण दाव्याचे किती आणि तारखेगणिक किती, टायपिंग व इतर खर्च त्यात धरला आहे काय, हे लेखी घ्यावे व प्रत्येक रकमेची पावती मागावी. मिळणाऱ्या पोटगीत टक्केवारी मागणे हे वकिली व्यवसायाच्या नियमांत बसत नाही. कोऱ्या कागदावर सही कधीही देऊ नये. वकील बदलण्याचा पक्षकाराला अधिकार आहे आणि फी थकली म्हणून कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निर्णय आहे. मराठीत समजावून सांगण्यास कंटाळणारा वकील कितीही नामांकित असला तरी लालबागच्या पक्षकाराच्या कामाचा नाही.

परंतु या वस्तीतला खरा गुंता खोलीचा आहे. भाड्याची पावती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि हजारो घरांत पगार बंद झाला, तेव्हा भाजी विकून, पापड लाटून, खानावळ चालवून ते भाडे कोणी भरले? गिरणगावातल्या खानावळवाल्या बाया त्याआधीच, 1975 पासून, प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित होत होत्या; त्यांच्या श्रमाला बँकांनी कर्ज देण्याइतपत मोल दिले. घटस्फोटाचा कायदा अद्याप तेवढेही देत नाही. संसारात कमावलेली मालमत्ता दोघांची, हे तत्त्व हिंदू विवाह कायद्यात नाही. शेजारच्या गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या पद्धतीत, लग्नापूर्वी वेगळा करार नसेल तर, पतिपत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते आणि निम्मा वाटा मिळतो. गोव्याची ती संहिता निर्दोष आहे असे नव्हे. पण सावंतवाडीच्या बाईला जे नाही ते पेडण्याच्या बाईला आहे, याचे समर्थन कोणत्या तत्त्वाने करायचे?

आज चाळींचा पुनर्विकास होऊ घातला आहे आणि दहा बाय बाराच्या खोलीच्या पावतीतून मालकीचा फ्लॅट निर्माण होतो आहे. म्हणूनच अलीकडे काही नवऱ्यांना घटस्फोटाची घाई सुटली आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे. घर सासऱ्याच्या नावावर असले तरी तो हक्क मागता येतो, असे 2020 च्या निर्णयाने स्पष्ट झाले. हिंसाचार सिद्ध होत असेल तर नवऱ्याने खोली विकू नये, तिच्यावरचा हक्क सोडू नये, असा मनाईहुकूमही दंडाधिकारी देऊ शकतात. उलट भाड्याच्या घरातला हा हक्क घटस्फोटाच्या हुकूमनाम्याबरोबर संपतो, हुकूमनाम्यातच राहण्याची तरतूद असेल तरच तो टिकतो. सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा निर्णय तसाच आहे. तेव्हा संमतीच्या अटींवर सही करण्यापूर्वी खोलीचे काय, नव्या फ्लॅटचे काय, हे शब्दांत उतरले पाहिजे. ‘भविष्यातील सर्व हक्क सोडले’ हे वाक्य त्या अटींत शेवटी कोठेतरी दडलेले असते. ते मोठ्याने वाचून दाखवावे.

संगमनेरला समता आंदोलनाने 1980 च्या दशकात टाकलेल्या स्त्रियांना संघटित करून परित्यक्तांचा प्रश्न सार्वजनिक केला. मुंबईत पक्षाच्या प्रत्येक कचेरीत निदान एवढी व्यवस्था हवी की बाई आली तर तिच्याकडून लग्नाचा दाखला किंवा पत्रिका व फोटो, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्ड, भाड्याच्या पावत्या, नवऱ्याच्या पगाराचा किंवा धंद्याचा काही पुरावा, दवाखान्याचे कागद आणि दागिन्यांची यादी मागून घ्यावी. स्त्रीधन तिचेच आहे, हे 1985 पासून निर्विवाद आहे. मूळ कागद तिच्याकडेच राहू द्यावेत, कचेरीत फक्त झेरॉक्स ठेवावी आणि पहिल्या तारखेला एखादी कार्यकर्ती तिच्याबरोबर वांद्र्याला जावी.