लग्नाची तबकडी आणि घरचें यंत्र

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्व अंगास, जालना रस्त्यालगत, मुकुंदवाडी नांवाची दाट वस्ती आहे. तिला स्वतःचें लहानसें रेल्वेस्थानक आहे, आणि चिकलठाण्याचे कारखाने जवळच असल्यामुळें कामगार, कारागीर व लहान दुकानदार यांचीं बिऱ्हाडें तेथें पुष्कळ आहेत. अशा वस्तींत 2000 नंतरच्या दहापंधरा वर्षांत लग्न ठरलें कीं, आचारी व बँडवाला यांच्याबरोबरच व्हिडिओवाल्यासही विडा दिला जाई; आणि लग्नानंतर महिन्यादोन महिन्यांनीं, वधूवरांचें छायाचित्र छापलेल्या वेष्टनांत, एक चकचकीत तबकडी घरीं येई. तिला डीव्हीडी हें नांव आतां लहान मुलांनाही ठाऊक आहे. तिच्या पोटांत काय असतें, हें मात्र ती विकत घेणारांपैकीं फार थोड्यांना ठाऊक असे.

समजा, अशी एक तबकडी एका घरीं आली. दुकानांतल्या संगणकावर ती सुरेख चालली होती. संध्याकाळीं शेजारीपाजारी जमले, आजींना पुढची जागा मिळाली, यंत्राचा कप्पा आंत गेला, आणि पडद्यावर अक्षरें उमटलीं कीं, तबकडी वाचतां येत नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुकानदार म्हणतो, यंत्र खराब आहे. यंत्र विकणारा म्हणतो, तबकडी खराब आहे. पुष्कळदां दोन्ही धडधाकट असतात. बिघडलेला असतो तो त्या दोघांमधील करार.

संगणक हा एखाद्या बहुश्रुत शास्त्रीबोवांसारखा असतो. नवी पोथी पुढें आली तर तो तिची लिपि शिकून घेतो, म्हणजे नवा प्रोग्रॅम घालून घेतो. टेलिव्हिजनशेजारीं ठेवलेलें डीव्हीडीचें यंत्र तसें नसतें. त्याच्या पोटांतली चिप कारखान्यांतून निघतांना जेवढें शिकून आलेली असते, तेवढेंच तिला जन्मभर येतें. मंडपांत मंगलाष्टकें म्हणणारा भटजी आयत्या वेळीं वेगळा विधि सांगितला असतां जसा थबकेल, तसेंच तें थबकतें. म्हणून तबकडी तयार करणाऱ्यानें यंत्राचे नियम पाळावे लागतात. यंत्र त्याचे पाळीत नाहीं.

हे नियम कोठून आले? चलच्चित्र संकोचून साठविण्याची सर्वमान्य पद्धति ठरविण्यासाठीं 1988 सालीं एक आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळ बसलें. एमपेग हें त्या मंडळाचें संक्षिप्त नांव, आणि पुढें तेंच त्या पद्धतीचें नांव झालें. तिच्या पहिल्या आवृत्तीवर व्हीसीडी निघाली. एका व्हीसीडींत सुमारें सव्वा तासाचेंच चित्र मावे, त्यामुळें एका हिंदी चित्रपटास दोन किंवा तीन तबकड्या लागत, आणि ऐन रंगांत आलेल्या प्रसंगीं कोणा तरी मुलास उठून तबकडी बदलावी लागे. दुसरी आवृत्ति, एमपेग-2, हिच्यावर डीव्हीडी उभी आहे. तिचे नियम 1995 सालीं ठरले व 1996 च्या अखेरीस जपानांत यंत्रें विक्रीस आलीं.

संकोच करण्याची गरजच काय, असें कोणी विचारील, तर त्याचें उत्तर साध्या गणितांत आहे. भारतांत चालणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवरील एका चित्रांत आडवे 720 व उभे 576, म्हणजे 4,14,720 बिंदु असतात. आणि अशीं 25 चित्रें दर सेकंदास डोळ्यांपुढून जातात. रंगांत थोडी काटकसर करून प्रत्येक बिंदूस सरासरी 12 बिट दिले, तरी सेकंदास साडेबारा कोटींच्या आसपास बिट होतात. साध्या तबकडींत मावतात 470 कोटी बाइट, म्हणजे 3,760 कोटी बिट. भागाकार केला तर हातीं येतात अवघीं पांच मिनिटें. एवढ्या वेळांत नवरदेव घोड्यावर बसूनही होत नाहीं.

या पेचांतून सोडविणारी जी मुख्य गणिती युक्ति, तिच्या मुळाशीं एक भारतीय नांव आहे. बंगळूर येथें 1940 सालीं जन्मलेले नसीर अहमद हे अमेरिकेंत कॅन्सस येथें प्राध्यापक होते. त्यांनीं टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह 1974 सालीं एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वीं 1972 सालीं याच कल्पनेसाठीं त्यांनीं सरकारी संशोधननिधीकडे अर्ज केला होता. तो नामंजूर झाला. नामंजूर करणारांना कल्पना फार सोपी वाटली म्हणे! त्या सोप्या कल्पनेचें सार असें. चित्राचे आठ बिंदु लांब व आठ बिंदु रुंद असे चौकोनी तुकडे पाडावे. प्रत्येक तुकड्यांत उजेड कोठें सावकाश बदलतो व कोठें झपाट्यानें, हें आंकड्यांनीं मांडावें. आणि डोळ्याला जे झपाट्याचे बारकावे फारसे जाणवत नाहींत, ते ठोकळमानानें लिहावे किंवा गाळून टाकावे. मांडवाच्या पडद्याचा सपाट गुलाबी रंग या रीतीनें चारदोन आंकड्यांत आटोपतो. पैठणीच्या पदरावरील मोर मात्र पुष्कळ आंकडे मागतो.

दुसरी काटकसर काळाची. एका चित्रांत व पुढच्या चित्रांत फरक थोडाच असतो. म्हणून कांहीं चित्रें संपूर्ण लिहितात, कांहीं फक्त मागच्या चित्राच्या आधारें, आणि कांहीं मागच्या व पुढच्या अशा दोन्ही चित्रांच्या आधारें. एक संपूर्ण चित्र व त्याच्या आश्रयानें राहणारीं इतर चित्रें मिळून जणूं एक कुटुंब होतें. पाल पद्धतीच्या डीव्हीडींत अशा कुटुंबांत 15 हून अधिक चित्रें चालत नाहींत. संगणकासाठीं संकोचलेल्या फायलींत तीं दोनअडीचशेंही असूं शकतात. संगणकाला त्याचें कांहीं वाटत नाहीं. घरच्या यंत्राचा करार मात्र तेथेंच मोडतो.

आतां लग्नाचें चित्र हें या सर्व विद्येची कसोटी पाहणारें चित्र आहे. बातम्या सांगणारी बाई खुर्चीवर बसून असते, मागची भिंत हलत नाहीं, संकोच सहज होतो. लग्नांत नेमका महत्त्वाचा क्षण हाच संकोचाचा शत्रु असतो. अंतरपाट दूर होतो आणि शेंकडों हातांतून अक्षता उडतात. प्रत्येक दाणा आपल्या वाटेनें जातो. मागच्या चित्रांतला कोणताच दाणा पुढच्या चित्रांत त्याच जागीं नसतो. त्यांत छायाचित्रकारांचे दिवे लखलखतात आणि एका क्षणांत साऱ्या चित्राचा उजेड पालटतो. मागच्याच्या आधारें पुढचें लिहावयाचें, तर आधारच उरत नाहीं. अशा वेळीं बिट पुरेसे मिळाले नाहींत, तर वधूचा चेहरा चौकोनी तुकड्यांत फुटतो. ज्या दोन सेकंदांसाठीं सारें चित्रण केलें, तींच सर्वांत वाईट निघतात.

म्हणून बिटांची वांटणी हें या धंद्यांतलें खरें कौशल्य होय. दोन तासांचें लग्न एका तबकडींत घातलें तर सेकंदास सुमारें 52 लक्ष बिट वांट्यास येतात, आणि चित्र चांगलें दिसतें. तीन तासांस 35 लक्षांच्या खालीं येतें. चार तास कोंबले तर 26 लक्ष उरतात, आणि त्यांतूनही ध्वनीस हिस्सा द्यावा लागतो. ध्वनि न संकोचतां ठेवला तर तो एकटाच 15 लक्ष खातो. संकोचला तर दोन सव्वादोन लक्षांत भागतें. हळदीपासून सत्यनारायणापर्यंत सारें एकाच तबकडींत हवें, असा आग्रह घरचीं वडील मंडळी धरीत, आणि दहावीस रुपयांची दुसरी तबकडी वांचविण्यासाठीं कित्येक दुकानदार तो मान्यही करीत. ही काटकसर खोटी होती. तबकडी एकच ठेवावयाची असेल, तर चित्राची रुंदी 720 वरून 352 बिंदूंवर आणणें बरें; नियमांना तें मान्य आहे, आणि फुटलेल्या चेहऱ्यापेक्षां किंचित् मऊ चेहरा केव्हांही पत्करतो.

जाणता कारागीर संगणकाला लग्न दोनदां पाहावयास लावी. पहिल्या फेरींत कोठें गडबड आहे, कोठें शांतता आहे, याची नोंद होई. दुसऱ्या फेरींत त्या हिशेबानें बिट वांटले जात. जेवणावळीच्या लांबच लांब पंगतीचे बिट काढून अक्षतांस द्यावयाचे. वेळ दुप्पट लागे, आणि वीजकपातीच्या दिवसांत रात्रभर चाललेलें काम पहाटे पाण्यांत जाण्याचें भयही असे. तरी ही रीत सोडूं नये अशीच होती. बिट देतांना हात फार सैल सोडूनही चालत नसे. चित्रास सेकंदाला 98 लक्षांहून अधिक देण्यास नियमाची मनाई आहे. आणि घरीं लिहिलेली तबकडी स्वस्त यंत्रावर त्या टोकाजवळ गेली कीं, चित्र अडखळूं लागतें. म्हणून अनुभवी माणूस 80 लक्षांच्या आसपास वेस घालतो. रात्रींच्या पिवळ्या दिव्यांत घेतलेल्या चित्रांत जे बारीक कण सळसळतात, ते आधीं सौम्य करून घेणें हीही एक चांगली युक्ति. नाहींतर संगणक बापडा त्या कणांनाच पैठणीचे मोर समजून त्यांच्यावर बिट उधळतो.

आणखी एक चूक इतकी सर्वसामान्य होती कीं, तिच्याविषयीं दोन शब्द सांगणें भाग आहे. टेलिव्हिजनचें प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचें विणलेलें असतें: एकांत सम रेघा, दुसऱ्यांत विषम. मिनीडीव्ही कॅसेटवर घेतलेल्या चित्रांत खालचें अर्धें आधीं येतें. तबकडीस दोन्ही क्रम चालतात, पण कोणता वापरला तें तिच्यावर खरें लिहिलेलें असावें लागतें. तें उलटें झालें तर स्थिर चित्र ठीक दिसतें आणि कोणी हललें कीं थरथरूं लागतें. वरातींत नाचणारे सर्वच जण हिंवताप भरल्यासारखे दिसतात. गंमत अशी कीं, संगणकाच्या पडद्यावर ही चूक सहसा लक्षांत येत नाहीं. त्याचप्रमाणें जुन्या टेलिव्हिजनची कांच चित्राच्या चारी कडा थोड्याथोड्या झांकून टाकी. त्यामुळें अगदीं तळाशीं सोनेरी अक्षरांत घातलेलीं वधूवरांचीं नांवें घरीं अर्धींमुर्धींच दिसत. दुकानांत एक लहानसा जुना टेलिव्हिजन व एक स्वस्तांतलें यंत्र ठेवून प्रत्येक तबकडी तिच्यावर पाहण्याची ज्यास संवय होती, त्याच्याकडे तक्रार घेऊन येणारे थोडे असत.

लग्नाची एक प्रत परदेशीं असलेल्या नातलगांस धाडावयाची असली कीं निराळीच अडचण. अमेरिकेंत चित्र 480 रेघांचें व सेकंदास जवळजवळ 30 असें चालतें. भारतांतलीं यंत्रें बहुधा दोन्ही पद्धति वाचतात. तिकडचीं बरींच यंत्रें पालची तबकडी नाकारतात. लोक याचा दोष प्रदेशाच्या कुलुपाला देतात. तें कुलूप चित्रपटकंपन्यांनीं आपल्या तबकड्यांस घातलेलें असतें, आणि त्यांत भारताचा क्रमांक 5 आहे. घरगुती तबकडीस कुलूप नसतेंच. तिला हवी असते दुसऱ्या पद्धतीची स्वतंत्र प्रत. व्हीसीडीचा ध्वनि तसाच उचलून डीव्हीडीवर घातला तरी घोटाळा होतो, कारण पहिल्याचे नमुने सेकंदास 44,100 घेतलेले असतात आणि दुसरीस 48,000 लागतात.

कोऱ्या तबकडीच्या जातीसंबंधीं थोडक्यांत सांगावयाचें तर, एकदांच लिहिण्याची उणे चिन्हाची तबकडी जुन्या यंत्रांस अधिक मानवे. पुन्हां पुन्हां लिहिण्याची तबकडी किरण फारच कमी परतविते, म्हणून कित्येक यंत्रें तिला ओळखीत नाहींत. आणि वर कागदी चित्र चिकटविलें तर तबकडीचा तोल जातो.

पुढें एमपेग-4 वाचणारीं यंत्रें आलीं, आणि एकाच तबकडींत तीनचार चित्रपट मावूं लागले. त्यांचेही करार निराळेच होते. संगणकावर निवडलेली एखादी सूक्ष्म हालचालीची सोय त्यांच्या चिपला येत नसे, आणि चित्र फाटे. पण तो काळ थोडाच टिकला. याच शहराजवळ पैठण रस्त्यावरील चितेगांव येथें ज्या व्हिडिओकॉनचा टेलिव्हिजनचा मोठा कारखाना होता, ती कंपनी 2018 सालीं दिवाळखोरीच्या कारवाईंत गेली. चित्रपटांच्या तबकड्या स्वस्तांत घरोघरीं पोंचविणारी मोझर बेअर हिचेंही त्याच वर्षीं विसर्जन ठरलें. दुकानांतून यंत्रें नाहींशीं होत आहेत. तबकड्या मात्र कपाटांत आहेत, आणि त्यांत पुष्कळ घरीं अशा माणसांचा चालता बोलता चेहरा आहे, ज्यांना हार घालून भिंतीवर बसविल्याला आतां वर्षें झालीं.

लिहिलेल्या तबकडींतला रंगद्रव्याचा थर उन्हानें व उष्म्यानें उतरतो, आणि मराठवाड्याचा उन्हाळा सर्वांस परिचित आहे. तेव्हां ज्या घरीं अशी तबकडी आहे, त्यांनीं तिची नक्कल संगणकांत उतरून घ्यावी. पुष्कळ ठिकाणीं हें काम करतांना चित्र नव्या पद्धतीनें पुन्हां संकोचून देतात. फाईल लहान होते म्हणून गिऱ्हाईकही खूष होतें. वास्तविक पहिल्याच संकोचांत जें गळालें तें परत येत नाहीं, आणि दुसऱ्यांत आणखी गळतें. तबकडींतील सारा कप्पा जसाच्या तसा उतरून ठेवावा. दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवला तर अधिक बरें. डीव्हीडी आंतून बाहेर लिहिली जाते. हळद मध्याजवळ असते, मंगलाष्टकें त्याच्या बाहेर, आणि तबकडी भरलेली असेल तर मुलीची पाठवणी अगदीं कडेला, जेथें बोटांचे डाग पडतात आणि थर बहुधा आधीं उतरूं लागतो. म्हणून नक्कल झाल्यावर पहिली फाईल चालली एवढ्यावर समाधान मानूं नये. सर्वांत शेवटची उघडून, ती शेवटपर्यंत पाहावी.