प्रिंट फिकट आली? लगेच कार्ट्रिज मागवू नका

आपल्या कर्जत-खालापुरात जून ते सप्टेंबर धो-धो पाऊस, आणि कॉलेज ॲडमिशनचे कागद काढायची घाईही त्याच दिवसांत. तेव्हाच प्रिंट फिकट येते. आता करायचं काय?

इंकजेट असेल तर आधी 'नोझल चेक'चं पान काढा. टाकीत शाई आहे, तरी रेषा तुटक? म्हणजे बारीक छिद्रांत शाई वाळलीय. हेड क्लीनिंग एक-दोनदाच करा. दर वेळी त्यात शाईच जाते. प्रिंटर भिंतीवरच्या स्विचने नाही, त्याच्याच बटणाने बंद करा, म्हणजे हेडवर झाकण बसतं. आणि आठवड्याला एक रंगीत पान काढत जा.

लेझरचं वेगळं. टोनर म्हणजे प्लास्टिक मिसळलेली पावडर. उष्णतेने वितळून ती कागदाला चिकटते. पावसाळी हवेत कागद ओल धरतो, मग अक्षरं बोटाने पुसली जातात. आधी नव्या, बंद पाकिटातला कागद लावून बघा. उरलेला झिपच्या पिशवीत ठेवा.

फॉर्मच्या शेवटच्या तारखेची वाट बघू नका, आजच एक पान काढून बघा. चला, भेटूच!