सही करण्याआधी

सयांनो, भाकरी थापता थापता ऐकत असाल तर हात थांबवू नका, तवा तापलेला असेल. आज मी मढीच्या यात्रेबद्दल बोलणार आहे, आणि माझ्या स्वतःच्या एका चुकीबद्दलही.

मढी आपल्या पाथर्डी तालुक्यातलं. कानिफनाथांची समाधी तिथे आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते, रंगपंचमीला तर पाय ठेवायला जागा नसते. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. गोपाळ येतात, वैदू येतात, कैकाडी येतात, गाढवांचा बाजार भरतो. आणि आपण बाया काय करतो? दर्शन झालं की रेवड्या घेतो आणि बांगड्यांच्या दुकानापुढे बसतो. मण्यारीण आपला हात दाबून दाबून मऊ करते, बांगडी चढवते, आणि तेवढ्यात माहेरची चौकशीही करते. लेकीच्या लग्नाचा चुडा हिंदूच्या घरी मुसलमान बाईने भरायचा, हे आपल्याकडे कितीतरी गावांत चालत आलंय.

२०२५ च्या फेब्रुवारीत मढीच्या ग्रामसभेत ठराव झाला, की मुसलमान व्यापाऱ्यांना यात्रेत दुकानं लावू द्यायची नाहीत. कारण असं सांगितलं गेलं की यात्रेआधी महिनाभर गाव व्रत पाळतं, तळण करत नाही, लग्नकार्य करत नाही, आणि हे व्यापारी ती प्रथा पाळत नाहीत. राज्यभर बातम्या झाल्या. पुढे गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव अवैध ठरवला.

कायद्याने निकाल दिला, ते योग्यच झालं. पण माझं मन त्या व्रताच्या तक्रारीपाशीच घुटमळत राहिलं. तक्रार खरी मानली, तरी ती किती लहान आहे बघा. “भाऊ, आमच्याकडे महिनाभर तळत नाहीत, तुम्हीही एवढं सांभाळा,” हे चहा पिता पिता सांगता येतं. एवढ्यासाठी एका अख्ख्या समाजाची दुकानं बंद?

हे मी दुसऱ्या गावाकडे बोट दाखवून म्हणत नाही. आता माझी चूक ऐका.

आमच्या बचत गटात दोघी मुसलमान बाया आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्यातली एक, आम्ही तिला भाभी म्हणतो, लागोपाठ चार बैठकांना आली नाही. कुणी म्हणालं, तिला आपल्यात यायचंच नाही. कुणी म्हणालं, दंड लावा, नाव कमी करा. वहीत तसं लिहिलं गेलं. मी गटाची सचिव. मी सही केली. मनात आलं होतं की एकदा घरी जाऊन विचारावं, पण तेव्हा बोलले असते तर मलाच चार जणींनी धारेवर धरलं असतं. म्हणून गप्प बसले.

पंधरा दिवसांनी पासबुक द्यायला तिच्या घरी गेले. ती म्हणाली, “बाई, रमजान होता. तुमची बैठक संध्याकाळी सहाला. ती माझी रोजा सोडायची वेळ, घरात सात माणसं भुकेली. मी कशी येणार?” मग जरा थांबून म्हणाली, “आणि आपल्या गटाच्या व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ आला, त्यावर तुम्ही कुणीच काही बोलला नाहीत.”

मी तो व्हिडिओ पाहिला होता. खोटा असेल असं वाटलंही होतं. पुढे पाठवला नाही, एवढंच मोठं काम केलं समजून झोपले होते.

आपल्या जिल्ह्यात एकोप्याच्या गोष्टींना तोटा नाही. श्रीगोंद्यात शेख महंमद महाराज आहेत, मुसलमान कुळात जन्मून त्यांनी मराठीत अभंग आणि ‘योगसंग्राम’ लिहिला. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. भाषणात हे ऐकलं की आपण माना डोलावतो. पण संतांनी आपली बैठकीची वेळ बदलून दिली नाही, ती आपल्यालाच बदलावी लागली.

भिवंडीचं उदाहरण मला जास्त कामाचं वाटतं. तिथे १९७० मध्ये आणि १९८४ मध्ये भयंकर दंगली झाल्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले आणि त्यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही धर्मांची साधी माणसं पोलिसांसोबत एकत्र बसायची. गटारीचं भांडण, नळाचं भांडण, पोरांची मारामारी, असले विषय. त्यातून ओळखी झाल्या. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. अफवा उठली की कुणाच्या दारात जाऊन विचारायचं, हे लोकांना आधीपासून ठाऊक होतं.

आपल्याला बसायला नवी समिती काढायची गरजही नाही. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात, आणि प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असं कायद्यातच आहे. पुष्कळ गावांत ती फक्त कागदावर होते. शिपाई वही घेऊन दारात येतो, आपण ओल्या हाताने सही करतो, की झाली महिला सभा! इथून पुढे त्याला थोडं थांबायला सांगा. विषय कोणते, ठराव काय, ते वाचून दाखवायला लावा. वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोरीला बोलवा.

आमच्या गटाचं पुढे काय झालं, ते सांगते. दंड खोडला. बैठक सकाळी अकराला नेली. व्हिडिओ टाकणारी बाई आणि भाभी अजून फारशा बोलत नाहीत, खोटं कशाला सांगू? पण हप्ता एकाच वहीत भरतात, आणि परवा एकीची म्हैस अडली तेव्हा दुसरीचा मुलगा डॉक्टरला आणायला गेला होता.

यंदा आमच्या गावचा उरूस आणि हरिनाम सप्ताह एकाच आठवड्यात येतायत. लाऊडस्पीकर कुणाचा कधी, आणि पाण्याचा टँकर कुणाकडे आधी, यावरून आत्तापासूनच कुजबुज सुरू आहे. १ मेच्या ग्रामसभेआधीच्या महिला सभेत हाच विषय घ्या, असा अर्ज भाभी आणि मी मिळून लिहिलाय. खाली आतापर्यंत एकवीस सह्या झाल्यात, प्रत्येकीला आधी वाचून दाखवून.