ज्याची त्याची पाळी



संयोजक म्हणाले, “तुझ्या त्या फाशांच्या खेळाबद्दल बोल.” म्हणून उभा आहे.

या खेळाला रोलप्लेइंग गेम म्हणतात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. गेम मास्टर प्रसंग सांगतो, बाकीचे आपलं पात्र काय करतं ते सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा अशा खेळांतला पहिला छापील खेळ. तो १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यातला वीस बाजूंचा फासा आज या खेळाची ओळखच झाला आहे.

त्याआधी युद्धाचे पटावरचे खेळ होते. त्यांत बहुधा दोनच बाजू असत. १९६९ मध्ये मिनेसोटात डेव्हिड वेस्ली यांनी वेगळं केलं. ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक गाव घेतलं आणि खेळाडूंना गावातली माणसं करून प्रत्येकाला स्वतःचा हेतू दिला. वेस्लींना वाटलं, सगळा गोंधळ झाला. खेळाडू मात्र आणखी मागू लागले. त्या खेळाडूंत आर्नेसनही होते.

खेळात माणूस कशाने गुंततो, याचं उत्तर मला तिथे सापडतं. गेम मास्टरची कथा कितीही रंगतदार असो, अर्धा तास नुसती ऐकायला लागली की हात मोबाइलकडे जातात. म्हणून मी वर्णन तीन-चार वाक्यांत उरकतो आणि विचारतो, “तू काय करतोस?” लढाई चालू असली की पुढची पाळी कोणाची, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे तो विचार करत बसतो. फासा हुकला तरी गोष्ट अडू देत नाही. कुलूप उघडतं, पण पहारेकरी जागा होतो.

खरी कसोटी असते गप्प बसणाऱ्याची. आमच्या टेबलावर एक मुलगी दोन शनिवार जेमतेम बोलली. तिसऱ्या शनिवारी मी एका दारावर जुनी लिपी ठेवली. ती फक्त तिच्या पात्राला येत होती. मजकूर चिठ्ठीवर लिहून तिला दिला. “काय लिहिलंय?” सगळ्यांनी विचारलं. तिने शांतपणे धडधडीत खोटं सांगितलं! पुढचे दोन तास कोणी जागचं हललं नाही. “बोल ना गं” असं तिला कोणी म्हणालं नव्हतं. तिच्यावाचून पुढे जाता येणार नाही, अशी जागा फक्त मिळाली होती.

आपल्या वर्गातही मागच्या बाकावर अशी काही मुलं होती. त्यांतले काही आज आलेत. थोड्या वेळाने पंगत बसेल, तेव्हा त्यांच्या शेजारी बसा आणि फक्त त्यांनाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारा.